खापर मिगच्या माथी

चंडीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. १९६३ मध्ये ते हवाई दलात आले तेही चंडीगडलाच. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडाले आणि वाहिन्यांनी दिवसभर दोनच सूर आळवले. एक शौर्यगाथेचा, दुसरा ‘उडत्या शवपेटी’चा. पहिल्याबद्दल वाद नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटे डागली आणि पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. दुसरा सूर मात्र सोयीचा आहे. शवपेटी म्हटले की सगळे खापर रशियन पत्र्यावर फुटते आणि दिल्लीतल्या फायली नामानिराळ्या राहतात.

संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत आकडे दिले होते. सर्व प्रकारची मिळून ८७२ मिग विमाने, ४८२ अपघात, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत. यात यंत्राचा दोष नव्हताच असे कोण म्हणेल? इंजिन एकच, ते बंद पडले की दुसरे नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सुट्या भागांची रड सुरू झाली ती वेगळीच. पण मूळ रचना समजून घ्यायला हवी. पन्नाशीच्या दशकात हे विमान आखले गेले ते झपाट्याने वर जाऊन शत्रूचे विमान अडवण्यासाठी. त्याचे पातळ त्रिकोणी पंख वेगात सुरेख चालतात, वेग उतरला की पुरेसा आधार देत नाहीत. म्हणून धावपट्टीवर टेकायचे तेसुद्धा ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे, नाक वर करून. आणि नाक वर असले की समोरची धावपट्टीच नीट दिसत नाही.

अशा विमानात विशी-बाविशीतला पोरगा बसायचा तो ‘किरण’ या संथ, समजूतदार प्रशिक्षण विमानातून थेट उठून. मधली पायरीच नव्हती. ती हवी, प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या, असे ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये सांगितले. अशा ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ मध्ये, विमाने बिदरला रुजू झाली २००८ मध्ये. म्हणजे पाव शतक! मधल्या काळात सरकारे आली-गेली, समितीचा कागद तिथेच राहिला.

सुरतगडहून १७ सप्टेंबर २००१ रोजी रात्री उडालेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ याच काळातले. मिग कोसळले, ते गेले आणि चौकशीत ठपका त्यांच्यावरच आला. आई कविता गाडगीळ यांनी तो निमूट मान्य केला नाही. जाहीरपणे प्रश्न विचारले. तोवर अशा घरांतून शोक बाहेर येई, सवाल येत नसे.

मिग इतकी वर्षे उडवावे लागले, कारण त्याच्या जागी यायचे ते देशी ‘तेजस’ वेळेवर आलेच नाही. प्रकल्पाला मंजुरी १९८३ची, पहिली तुकडी २०१६ची. दरम्यान जुन्यालाच नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे लावून ‘बायसन’ केले. मिग-२१ गेल्यावर मंजूर ४२ तुकड्यांपैकी २९ उरल्या.

आता चेंडू पुन्हा नाशिककडे आला आहे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात मिग-२१ घडली. गावाला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. तिथूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. अमेरिकेहून येणारी इंजिने रखडत आली, हे त्या दिवशीच्या भाषणबाजीत कोण काढणार! त्याच कार्यक्रमात एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी साखळीही सुरू झाली. मथळे अर्थातच तेजसने नेले. मी मात्र या एचटीटी-४०च्या साखळीवर नजर ठेवून आहे. अशा ७० विमानांचा करार मार्च २०२३चा आहे आणि प्रशिक्षण विमानांच्या बाबतीत आपला हात किती सावकाश चालतो, ते हॉकने दाखवले आहेच.