संहिता कोणाची? सहनिर्मित दृक्-श्राव्य प्रकल्प आणि मराठीचे विभाग

ॲनिमेशन, रंगमंच आणि प्रेक्षकाच्या हस्तक्षेपाने आकार घेणारी संगणकीय माध्यमे यांचा मेळ घालणारे विद्यार्थी-प्रकल्प आता कलाशिक्षणसंस्थांमध्ये नवे राहिलेले नाहीत. मराठीचे विभाग मात्र हा तंत्रज्ञानाचा प्रांत आहे, असे म्हणून त्यांपासून दूर राहतात. वस्तुतः या प्रकल्पांतून उपस्थित होणारे प्रश्न आपल्याच अभ्यासक्षेत्राचे आहेत. संहिता म्हणजे काय, तिचा कर्ता कोण, आणि तिच्यातील भाषा कोठून येते, हे ते प्रश्न होत.

चित्र, निवेदन आणि नाट्य यांचा संयोग आपल्याकडे अपूर्व नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांची चित्रकथी हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे सुट्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. अक्षर नसलेल्या वस्तूला पोथी म्हणणारी ही परंपरा संहितेच्या आपल्या पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक प्रगल्भ आहे, असे मला वाटते. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांचे खेळही याच कलावंतांकडे आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण तिची नोंद लोककला म्हणून घेतली. कथनशास्त्राच्या तासाला ती क्वचितच येते.

‘घाशीराम कोतवाल’चीही स्थिती निराळी नाही. 1972 च्या त्या प्रयोगातील मानवी भिंत केवळ तेंडुलकरांच्या शब्दांतून उभी राहिली नाही. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचना यांनी ती घडवली. आपल्या प्रश्नपत्रिका मात्र एकाच नावाभोवती फिरतात. छापील पुस्तक हाताशी असते, प्रयोग नसतो, ही अडचण खरी आहे. पण अडचणीला सिद्धान्ताचा दर्जा देणे योग्य नव्हे.

दक्षिण आफ्रिकेतील ‘उबू अँड द ट्रुथ कमिशन’ (1997) हे नाटक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लेखन जेन टेलर यांचे, दिग्दर्शन आणि चलच्चित्रे विल्यम केंट्रिज यांची, बाहुल्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीच्या. वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांविषयी सत्य आणि सलोखा आयोगापुढे झालेल्या साक्षी येथे लाकडी बाहुल्यांच्या मुखातून येतात. बाहुली चालवणारे कलावंत प्रेक्षकांना उघड दिसत राहतात. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि त्याचे इंग्रजी दुभाष्याकडून ऐकू येते. मागच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या खडूच्या रेषा हलतात. दुसऱ्याचे दुःख नटाने आपले म्हणून सांगावे काय, हा नैतिक पेच येथे बाहुलीच्या योजनेतून हाताळला आहे. केवळ संवाद वाचणाऱ्याला तो पेच अर्धाच कळेल.

प्रेक्षकाला निवड दिली की कर्तृत्व विरघळते, हा समज मात्र तपासून घ्यावा लागेल. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात राडुझ चिंचेरा यांनी ‘किनोऑटोमॅट’ सादर केला. प्रत्येक आसनाला दोन बटणे होती. चित्रपट थांबे, मंचावरचा नट प्रेक्षकांना विचारी आणि बहुमताने कथा पुढे जाई. परंतु फाटे पुन्हा एकत्र येत आणि शेवट बदलत नसे. मत प्रेक्षकाचे, मर्यादा लेखकाची! आजच्या पुष्कळ संवादी कथांनाही हेच लागू पडते. हे वाचन करण्याची साधने साहित्याच्या अभ्यासकाकडे आहेत.

काही वर्षांपूर्वी बहुमाध्यम अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीचा प्रकल्प परीक्षक या नात्याने पाहण्यात आला. विषय धरणात बुडालेल्या गावाचा. तिचे तीन सहकारी होते. प्रेक्षकाने पडद्यावरील घराला स्पर्श केला की ते रेषारेषांनी उभे राही आणि मंचावरील नटी त्या घराची आठवण सांगे. रेखाटन, हालचाल, प्रकाश यांत विलक्षण संयम होता. आठवणी मात्र मूळ इंग्रजीत लिहिलेल्या आणि अखेरच्या आठवड्यात मराठीत आणलेल्या. म्हातारी कुणबीण ‘माझ्या भावना व्यक्त करणे कठीण आहे’ असे बोलत होती. चित्रातल्या उंबऱ्याला गाव होते, तिच्या वाक्याला नव्हते. त्याच सुमारास एम. ए. मराठीच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका गटासाठी केलेले लेखन प्रबंधिका म्हणून स्वीकारण्यास एका विभागाने नकार दिला होता. कारण, ते ‘एकट्याचे नाही’. ज्याला ती भाषा येत होती त्याला दार बंद, आणि ज्यांना दार उघडे होते त्यांच्याकडे ती भाषा नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. चौघांच्या कामाला एकच गुण देणे अन्यायाचे. प्रत्येकाचा वाटा चिरून वेगळा काढणे बहुधा अशक्य. तरीही विद्यार्थ्याने संवादांचे सर्व मसुदे, तालमीत झालेले बदल आणि ते बदल कोणाच्या सूचनेवरून झाले याची दिनांकवार नोंदवही सादर करावी, एवढी अट घालता येईल. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या विभागाला पाठभेद तपासणे जड जाऊ नये. कोणता शब्द नटीच्या तोंडी आल्यावर गळाला, कोणते वाक्य चित्राने अनावश्यक ठरवले, हे तोंडी परीक्षेत विचारता येईल. मार्गदर्शक दोन असावेत, एक मराठीचा आणि एक अभिकल्प वा नाट्यशास्त्राचा. त्यांच्या कार्यभाराच्या तासांची विभागणी कशी करावी, हे अभ्यासमंडळाने प्रथम ठरवावे. अशा प्रस्तावांचे घोडे बहुतेक वेळा तेथेच अडते.