धारणीय वेग आणि औषधशाळेचा प्रमुख



चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्याला प्रधान स्थान देताना चरकाचार्यांनी स्वयंपाक्याचा दाखला दिला आहे. भांडे, इंधन आणि अग्नी ही सारी साधने हाताशी असली, तरी पाक सिद्ध होतो तो करणाऱ्यामुळे. हा दाखला आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याची दुसरी बाजू सहसा पाहत नाही. पाक साधला तर श्रेय प्रधानाचे असेल, तर तो बिघडल्याचा दोषही प्रथम त्याच्याकडेच जातो.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात माझी लहानशी औषधशाळा आहे. काही काळापूर्वी तेथे तैलपाक चालू होता. कढईजवळच्या साहाय्यकाला दुपारीच जाणवले की कल्क कडक व काळसर होऊ लागला आहे. तेव्हाच अग्नी मंद केला असता, तर पाक वाचला असता. तो मला सांगण्यासाठी दारापर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी गाळताना जळका वास आला आणि सारे तैल टाकून द्यावे लागले. कारण विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, कालच बोलणार होतो, पण तुम्ही फोनवर फार चिडला होतात."

मी चिडलो होतो तो एका व्यापाऱ्याच्या थकलेल्या रकमेवरून. त्या रागाचा साहाय्यकाशी काडीमात्र संबंध नव्हता. पण त्याची किंमत कढईने मोजली.

औषधनिर्मितीसाठी 'शेड्यूल टी' २००० साली आले. त्यानंतर आपण जागा, उपकरणे, स्वच्छता आणि प्रत्येक घाण्याची नोंद यांकडे लक्ष देऊ लागलो, आणि हे योग्यच झाले. परंतु नोंदवही भरणारा हात भ्यालेला असेल, तर तीत प्रत्येक पाक मध्यमच लिहिला जातो. निरीक्षकाला ती वही निर्दोष दिसते आणि रुग्णाला मात्र सदोष औषध मिळते.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला रुग्णालयीन औषधयोजनेतील चुकांचा अभ्यास याच ठिकाणी बोट ठेवतो. ज्या विभागांचे नेतृत्व चांगले, तेथे चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चुका अधिक होत होत्या असा याचा अर्थ नसून त्या उघडपणे सांगता येत होत्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणून ज्या औषधशाळेत वर्षभर एकही चूक नोंदली गेली नाही, तेथील प्रमुखाने समाधान मानण्याऐवजी सावध व्हावे.

यावर उपाय शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. 'न वेगान् धारणीय' अध्यायात मलमूत्रादी वेग रोखू नयेत असे सांगून आचार्य लगेच धारण करण्याजोगे वेगही सांगतात. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, ईर्ष्या हे मनाचे. तर कठोर, अतिरिक्त, चहाडीचे, असत्य आणि अवेळी बोलणे हे वाणीचे. रुग्णाला आपण अधारणीय वेगांविषयी रोज विचारतो. स्वतःला धारणीय वेगांविषयी किती वेळा विचारतो?

कोणी म्हणतील, "धाक नसेल तर कामात शिस्त राहत नाही." शिस्त हवीच. बिघडलेला घाणा तत्काळ बाजूला काढावा, त्यात तडजोड नको. परंतु द्रव्याविषयीचा निर्णय तत्काळ घ्यावा आणि माणसाविषयीचा शब्द वेग ओसरल्यावर उच्चारावा. कठोरता नियमात असावी, वाणीत नव्हे.

त्या प्रसंगानंतर मी तीन गोष्टी पाळू लागलो. निर्मितीकक्षात पाऊल ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबून भूक, थकवा, येणी, वाहतुकीतील खोळंबा यांपैकी काय सोबत घेऊन आलो आहे, हे स्वतःला विचारतो. कोणी चूक सांगितली, तर पहिले वाक्य "बरे झाले, वेळेवर सांगितलेत" हेच असते, चौकशी त्यानंतर. आणि माझ्या हातून झालेली चूक मी स्वतःच्या अक्षरात नोंदवहीत लिहितो. पहिल्या दोन गोष्टी अनेकदा चुकतात. तिसरी सर्वांत जड गेली, पण तिचाच गुण सर्वाधिक आला. प्रमुखाची चूक वहीत दिसू लागली, तशी इतरांचीही लेखणी मोकळी झाली.

चारकोप-कांदिवलीतील आपल्या बहुतेक औषधशाळा आणि चिकित्सालये चार-पाच माणसांची आहेत. एवढ्याशा जागेत प्रमुखाचा चेहरा सर्वांना सतत दिसत असतो. तैल सिद्ध झाले की नाही हे आपण फेसावरून, वर्तीवरून पारखतो. आपला साहाय्यक दिवसभर आपली अशीच पारख करीत असतो आणि बोलावे की गप्प राहावे हे त्यावरून ठरवीत असतो. त्याला बोलावेसे वाटेल असे वर्तन ठेवणे हादेखील औषधनिर्मितीचाच एक संस्कार मानावा, एवढेच नम्र निवेदन.