गळ्याची गाठ आणि संशयाची किंमत

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या स्त्रीच्या गळ्याला गाठ दिसली, की कर्करोगाची भीती घरात आधी शिरते आणि निदान मागाहून येते. वस्तुतः थायरॉइड ग्रंथीच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. सोनोग्राफी व बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी यांनी पुष्कळांचा निर्णय लागतो. अडचण उरते ती सूक्ष्मदर्शकही निश्चित कौल देत नाही अशा गाठींची. अमेरिकेत बेथेस्डा येथे २००७ साली झालेल्या परिषदेतून जे सहा वर्ग ठरले, त्यांतील तिसरा व चौथा या संशयाचेच आहेत. अशा वेळी ‘काढून पाहू’ असा प्रघात पडला. आणि काढलेल्या गाठींपैकी बऱ्याच कर्करोगमुक्त निघाल्या. संपूर्ण ग्रंथी गेली, तर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घेणे आले.

सुईने काढलेल्या पेशींतील जनुके तपासून हा संशय फेडता येईल काय? २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६५ संशयित गाठींपैकी ८५ कर्करोगाच्या निघाल्या. त्यांतील ७८ जनुकीय चाचणीने हेरल्या, सात निसटल्या. उरलेल्या १८० निरुपद्रवी गाठींपैकी सुमारे निम्म्या तिने निर्धोक ठरविल्या. हे यश थोडे नव्हे. तथापि ‘निर्धोक’ या कौलावर किती विसंबावे, हे तपासल्या जाणाऱ्या गाठींत मुळात कर्करोगाचे प्रमाण किती, यावर ठरते. तो हिशेब परदेशातून उसना आणता येत नाही. आपल्याच रुग्णांवर मांडावा लागतो.

त्याच २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. गरिबाला तिचा आधार झाला, हे निर्विवाद. परंतु शस्त्रक्रियेस पैसा आहे आणि शंकानिरसनास नाही, अशी घडी कोठेही बसली, तर गरिबाच्या वाट्याला सुरीच येणार.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी उत्तम सोनोग्राफी, संशय राहिल्यास सुईची फेरतपासणी व दुसऱ्या अनुभवी तज्ज्ञाचे मत. मग नागपूर-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जनुकीय चाचणीची स्वतंत्र पारख. आणि ती उतरली, तर योजनेत तिचा समावेश. निदानातील अनिश्चितता शास्त्राची आहे. तिचा दंड एकट्या रुग्णाने भरावा, हे न्याय्य नव्हे.