कांदा, चमचा आणि घड्याळ

लहानग्याला रात्री आकडी आली, की आपल्या घरांत आधी कांदा शोधतात, मग चमचा, मग दोषी! आम्ही पहाटे साताऱ्याहून सांगलीला साखरपुड्यास निघणार, तर मध्यरात्री २ वर्षांच्या नातीला तापात आकडी आली. बेत मोडला, सुनेने ताप आधी का पाहिला नाही, अशी कुजबुज सुरू झाली. (माझ्या मुलाला हे कुणी विचारले नाही.) वस्तुतः ६ महिने ते ५ वर्षे या वयात ताप जाणवण्याआधीही आकडी येऊ शकते. म्हणून घड्याळ पाहावे, मूल कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. बहुधा ती ५ मिनिटांत थांबते. न थांबल्यास १०८. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच रात्री डॉक्टरांना दाखवावे, सांगलीचे पाहुणे काहीही म्हणोत.