मटण बंद, मग मासेही बंद?

मैत्रिणींनो, घरात कुणाला हृदयाचा त्रास निघाला, की आपण मटणाबरोबर मासेही बंद करतो. तिथंच चुकतं बघा! हृदयाला हितकर अशी ओमेगा-३ चरबी मटणात नावालाच. माशांत मात्र ती मिळते. आठवड्यातून एकदोनदा मासे, दर खेपेस २०० ते ५०० मिलिग्रॅम ओमेगा-३ पोटात जाईल इतके, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. समुद्रातल्या तीन-चार तारल्यांत ते सहज भरतं. पण बीडला समुद्र कुठला? आपल्याकडे माजलगाव धरणाचा रोहू, कटला. त्यांत ही चरबी कमी, म्हणून तळण्यापेक्षा रस्सा करावा, आणि रश्शासकट खावा. जवसाची चटणी असू द्याच. मात्र तिच्यातलं ओमेगा-३ निराळं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेतं. आमच्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.