राखीव म्हणजे कोणासाठी, कोणापासून?

'रिझर्व्ह' हा शब्द आपल्या धानोऱ्यात आता इंग्रजी राहिलेलाच नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा बोलते. जंगल रिझर्व्ह, सीट रिझर्व्ह, कॅम्पातले जवान रिझर्व्ह पोलीस, अन् शेजारी ताडोब्याला टायगर रिझर्व्ह. शब्द एकच, पण अर्थ एक नाही भाऊ.

सीट रिझर्व्ह म्हणजे आपल्यासाठी राखलेली. गडचिरोली-चिमूर लोकसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, म्हणून आदिवासी माणूस दिल्लीत बसतो. जंगल रिझर्व्ह म्हणजे नेमकं उलटं. १९२७ च्या वन कायद्यात राखीव अन् संरक्षित असे प्रकार आहेत. संरक्षित जंगलात मनाई केलेलं सोडून बाकी चालतं. राखीव जंगलात परवानगी दिली तेवढंच चालतं, बाकी सगळा गुन्हा. म्हणजे हे जंगल आपल्यासाठी नाही, आपल्यापासून राखलं. अन् त्याच जिल्ह्यातला बांबू सरकारी करारानं कागद कारखान्याला जात राहिला!

आपल्या बोलीत 'राखणे' म्हटलं की राखणदार आला. शेत राखणारा मचाणावर जागतो, गुरं राखणारा दिवसभर मागं फिरतो. अन् जो राखतो त्याचा वाटाही असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं हाच जुना अर्थ परत आणला. गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं जंगल राखायचा, वाढवायचा अन् सांभाळायचा हक्क गावालाच दिला.

याची सुरुवात आपल्याच तालुक्यातून झाली. मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश अन् मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देवाजी तोफा अन् गावानं त्याआधी वर्षानुवर्षं जंगल राखलं होतं, कागद नंतर आला.

आता कडू बोलतो, राग मानू नका. आपल्याकडं अनेक गावांत कागद आधी आला, राखण मागं पडली. पट्टा पेटीत, समितीची नावं रजिस्टरमध्ये, अन् ग्रामसभा भरते फक्त तेंदू-बांबूचा हिशोब करायला. मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवतो, आग वाऱ्यानं पुढं जाते, अन् विझवायला वनरक्षकाची वाट पाहतो. अरे बाप्पा, मालक कोण? त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल अन् वन्यजीव राखायचं काम ग्रामसभेला दिलेलं आहे.

येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवा. उन्हाळ्यात गस्तीची पाळी कोणत्या घराची? मोहाखालचा पाला न जाळता झाडून गोळा करायचा का? अन् तेंदू-बांबूच्या पैशातून जंगलासाठी किती ठेवायचे?

आपण नाही राखलं, तर उद्या कोणीतरी दुसरा येऊन 'रिझर्व्ह'ची पाटी ठोकेल. तेव्हा ते जंगल कोणापासून राखलं, हे विचारायला तोंड राहणार नाही.

तुमच्या गावात राखणीची पाळी चालू आहे का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.