गुणांची वेस आणि गणिताचे दार

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांबरोबर चिंताही घरोघर वाटली जाते. नव्वदीच्या पुढे गेलेल्यांची छायाचित्रे झळकतात, अनुत्तीर्ण झालेल्यांविषयी हळहळ व्यक्त होते. परंतु या दोहोंच्या मध्ये जो मोठा समुदाय उभा असतो, त्याची विचारपूस करावयास कोणी जात नाही. गणितात ५५ किंवा ६० गुण मिळालेले, पण पुढेही गणितच शिकावे अशी मनापासून इच्छा असलेले मूल अकरावीच्या प्रवेशासाठी उच्च माध्यमिक विद्यालयाच्या कार्यालयात जाते, तेव्हा त्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो: किती पडले? काय येते, काय आवडते, कोठे अडते, हे प्रश्न त्या खिडकीशी विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. ती असावयास हवी, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. इतिहास किंवा साहित्य मनुष्य चाळिशीतही घरी बसून वाचू शकतो. गणिताची मात्र शिडी असते आणि तिची पायरी एकदा चुकली की पुढची गाठणे फार कठीण जाते. अकरावीला गणित सुटले की अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा, पदार्थविज्ञान, संख्याशास्त्र आणि उच्च अर्थशास्त्र यांच्या वाटा जवळजवळ बंद होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा हा निर्णय तीन तासांच्या एका उत्तरपत्रिकेवर सोपवताना समाजाने थोडे थबकावयास हवे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. या मंडळाने २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या गणिताच्या ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोन पातळ्या केल्या. अभ्यासक्रम एकच, वर्गातील शिकवणी एकच, भेद केवळ प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. हेतू चांगला होता. गणिताच्या धास्तीने खचणाऱ्या मुलांना त्यातून दिलासा मिळणार होता. परंतु जोडीला नियम असा होता की, बेसिक घेणाऱ्याला अकरावीत गणित हवे असल्यास त्याने स्टँडर्डची परीक्षा पुन्हा देऊन उत्तीर्ण व्हावे. पुढे २०२० साली कोविडची साथ आली आणि ही अट त्या वर्षापुरती म्हणून शिथिल करावी लागली. पुढील वर्षांतही सवलत चालू राहिली आणि विद्यार्थ्याचा कल व कुवत पाहून निर्णय घेण्याची जबाबदारी विद्यालयाच्या प्रमुखावर आली. जे काम नियमाने आपोआप व्हावे अशी कल्पना होती, ते शेवटी माणसाच्या विवेकाकडे परत आले. आमच्या मते त्याचे खरे स्थान तेथेच होते.

महाराष्ट्रात २०२४ साली शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून याच्या उलट टोकाची कल्पना पुढे आली. दहावीत गणित व विज्ञान या विषयांत ३५ पेक्षा कमी, परंतु किमान २० गुण मिळविणाऱ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा व या विषयांच्या वाटा त्याला बंद ठेवाव्यात, अशी ती योजना. ज्याला गणित नको त्याची सुटका व्हावी, हे मान्य. तथापि ज्याला ते हवे आहे, पण ज्याचे एक वर्ष आजारपणात, घरच्या विवंचनेत किंवा शिक्षकाविना गेले, त्याच्या माथी असा शेरा बसला तर तो पुसणार कोण? पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा कागदावर असते; बसण्याचे धैर्य मात्र त्या शेऱ्यानेच खचते.

गुण अगदीच खोटे बोलतात, असे आमचे म्हणणे नाही. गणिताच्या उत्तरपत्रिकेत तपासनिसांच्या मतभेदाला इतर विषयांइतका वाव नसतो. उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. गुण खरे असतात, पण अपुरे असतात. साठ गुण मिळविणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने ठरावीक उदाहरणे घोकून ते मिळविलेले असतात. दुसऱ्याने भूमितीची अवघड सिद्धता स्वतः शोधून काढलेली असते, पण आकडेमोडीच्या घाईत सोपे गुण गमावलेले असतात. गुणपत्रिकेवर दोघे सारखे दिसतात. त्यात पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या आडवळणाच्या गावातून शिकवणीवाचून आलेल्या मुलाचे साठ आणि शहरात दोन-दोन शिकवण्या लावलेल्या मुलाचे साठ एकाच तागडीत तोलणे हा हिशेबही गणिताला धरून नव्हे.

या मुद्द्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केवळ दयेपोटी प्रवेश देणे हा उपकार नसतो. ज्याची बीजगणिताची बैठक कच्ची आहे, ज्याला अपूर्णांक व समीकरणे अडतात, त्याला मर्यादा, अवकलन आणि संकलन यांच्या प्रवाहात ढकलून देणे म्हणजे पोहणे न शिकवता मांडवीत सोडण्यासारखे आहे. पहिल्या सहामाहीत तो गटांगळ्या खातो आणि वर्षअखेर गणिताबरोबर आत्मविश्वासही गमावून बसतो. म्हणून दार उघडे ठेवा, एवढे म्हणून भागत नाही. दाराच्या आत पायऱ्याही बांधल्या पाहिजेत.

अशा चर्चेत श्रीनिवास रामानुजन यांचे नाव हटकून निघते. कुंभकोणमच्या महाविद्यालयातील त्यांची शिष्यवृत्ती अन्य विषयांच्या दुर्लक्षामुळे गेली, एफ.ए.ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यावरून ‘गुणांना अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे आहे. रामानुजन शतकातून एखादाच होतो. त्यांच्या चरित्रातील अनुकरणीय प्रसंग निराळा आहे. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांचे काम पाहून विद्यापीठाकडे शिफारस केली होती. कोणीतरी वही उघडून पाहिली आणि संस्थेने नियमाला मुरड घातली. सामान्य विद्यालयांनी शिकावयाचा धडा तो आहे.

आमच्या गोव्यालाही हा धडा परका नाही. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी फर्ग्युसन महाविद्यालयाने त्यांना पालीच्या अध्यापनासाठी बोलावले आणि हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनाच्या कामी त्यांचे साह्य घेतले. पदवीपेक्षा विद्या पाहणारी माणसे त्यांना भेटली. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी पुढे त्याच हार्वर्डमध्ये शिकले आणि गणितज्ञ म्हणून जगन्मान्य झाले.

आजही देशात असे प्रयत्न चालू आहेत. भारतीय संख्याशास्त्र संस्था आणि चेन्नई गणित संस्था आपल्या गणिताच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी स्वतःच्या प्रवेश परीक्षा घेतात. पाठांतराहून विचारशक्तीला तेथे अधिक महत्त्व असते. ग्वाल्हेरात वाढलेले श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले, तेही गणिताच्या ओढीला गुणपत्रिकेबाहेर आसरा मिळावा म्हणूनच, असे म्हणावयास हरकत नाही.

मग आपल्या उच्च माध्यमिक विद्यालयांनी काय करावे? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सीमेवरच्या गुणांच्या विद्यार्थ्यांसाठी तासाभराची साधी चाचणी आणि गणिताच्या शिक्षकांशी दहा मिनिटांचे संभाषण असावे. दहावीच्या शिक्षकाचा अभिप्रायही त्यात जमेस धरावा. दुसरी, सत्राच्या आरंभी बीजगणित व त्रिकोणमितीची उजळणी करणारे तास शाळेतच, विनाशुल्क घ्यावेत. तिसरी, सहा आठवड्यांनी प्रगती पाहून, जमत नसल्यास वर्ष न गमावता विषय बदलण्याची सन्मानाची सोय ठेवावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. शिक्षकांचा थोडा वेळ आणि प्राचार्यांची थोडी हिंमत लागते.

पालकांनाही एक विनंती आहे. गुण कमी पडले म्हणून मुलाच्या हातून गणित हिसकावून घेऊ नका आणि शेजाऱ्याच्या मुलाने घेतले म्हणून त्याच्या गळ्यात ते बांधूही नका. सुटीच्या दिवसांत न सांगता तो उदाहरणे सोडवीत बसतो काय, उत्तर चुकले तर का चुकले ते शोधतो काय, एवढे पाहा. असे मूल दाराशी आले तर त्याला आत घेऊन बसावयास पाट देणे हे शाळेचे कर्तव्य आहे. गुणपत्रिका मागच्या वर्षाचा हिशेब सांगते. पुढच्या वर्षांचा हिशेब त्या मुलाला स्वतः मांडू द्यावा.